क्षयाने हिरावलेली डॉक्टर : आनंदीबाई जोशी

महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाचा कारभार आज नाशिकहून चालतो. १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्या दरवर्षी हजारो मुली घेतात. त्यांच्या वाटेवरचे पहिले पाऊल डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. मात्र त्या पदवीचा उपयोग करण्याची संधी त्यांना क्षयरोगाने मिळू दिली नाही.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, विक्षिप्त आणि हट्टी. तथापि पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो दगावला. पुरेसे वैद्यकीय साहाय्य मिळाले असते तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात घर करून राहिली. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, हा निश्चय त्यातूनच झाला.

गोपाळरावांनी अमेरिकेतील मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तेथील एका मासिकात छापून आला. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि या अनोळखी मुलीला आपल्या घरी आश्रय देऊ केला. परदेशगमनावर समाजात टीकेची झोड उठली. ती झेलून आनंदीबाई एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून पतीविना बोटीवर चढल्या. फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. कडाक्याची थंडी, शाकाहाराचा नेम आणि अभ्यासाचा ताण यांत प्रकृती खालावत गेली. पण शिक्षण थांबले नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला उपस्थित होत्या.

त्याआधी चारच वर्षे, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले होते. म्हणजे आनंदीबाई वैद्यक शिकत होत्या तेव्हा रोगाचे कारण कळले होते. त्यावर औषध मात्र नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांपलीकडे डॉक्टरांकडेही देण्यासारखे फारसे काही नव्हते. हवापालटाचा हाच उपाय पुढेही अनेक वर्षे चालला आणि देवळालीसारखी थंड, कोरड्या हवेची ठिकाणे आजाऱ्यांची आशास्थाने बनली.

कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या आजारी होऊनच. पुण्यात वैद्यांचे उपचार झाले, पण गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली.

पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले परिणामकारक औषध सापडले, तेही न्यू जर्सीतच, रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. ज्या राज्याने आनंदीबाईंना आसरा दिला, तेथेच त्यांच्या रोगावरचे औषध निघाले; पण त्यांच्या मृत्यूनंतर ५६ वर्षांनी.

आता ही असहायता उरलेली नाही. औषधांना दाद देणारा क्षय सहा महिन्यांच्या नियमित उपचाराने बहुतेक रुग्णांत बरा होतो आणि सरकारी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, रुग्णाला बरे वाटू लागते आणि गोळ्या सुटतात. रोजगारासाठी गाव बदलले की केंद्राशी संबंध तुटतो. रोग कळला तर लोक काय म्हणतील, या भीतीने कोणी दवाखान्यात जाणेच टाळतो. अर्धवट उपचारांमुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात. मग उपचार अधिक कठीण आणि अधिक महाग होतो, आणि त्याच्या यशाची खात्रीही कमी होते.

आनंदीबाईंनी हाती घेतलेली प्रत्येक गोष्ट तडीस नेली. उपचार तेवढा तडीस नेणे त्यांच्या हाती नव्हते, कारण तो अस्तित्वातच नव्हता. आजच्या रुग्णासाठी तो आहे. शेवटच्या गोळीपर्यंत तो त्याच्यापर्यंत पोहोचवणे, हे नाशिकहून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला आलेले आनंदीबाईंचे उरलेले काम आहे.