फिलाडेल्फियातील तीन हिवाळे

अलिबाग म्हटले की मुंबईकरांना मांडव्याची बोट, ओहोटीच्या वेळी पायी गाठता येणारा कुलाबा किल्ला आणि सुट्टीतला समुद्रकिनारा आठवतो. १८७० च्या दशकात याच गावच्या टपाल कचेरीत गोपाळराव जोशी नावाचे एक विक्षिप्त गृहस्थ बदलून आले होते. बरोबर त्यांची अल्पवयीन पत्नी होती आणि सोबतीला तिची आजी. कल्याणची यमुना १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठ्या बिजवराशी लग्न होऊन आनंदी झाली. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता. कल्याणात माहेरच्या माणसांच्या वावरात तो पुरा होईना. अलिबागेत मात्र अभ्यासाला निवांतपणा मिळाला. परदेशी जाऊन डॉक्टर होणाऱ्या पहिल्या मराठी स्त्रीच्या शिक्षणाचा पाया असा आजच्या रायगड जिल्ह्याच्या या किनाऱ्यावर पक्का झाला.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, ही गोष्ट त्या कोवळ्या आईच्या मनात रुजली. गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडे छापून आले. ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आले आणि त्यांचा आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे भर सभेत आनंदीबाईंनी आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, पती बरोबर नव्हते.

आनंदी-गोपाळ ही जोडी कादंबरी, नाटक आणि २०१९ च्या चित्रपटामुळे मराठी मनात इतकी घट्ट बसली आहे, की एक साधी गोष्ट नजरेआड होते. अमेरिकेतली पहिली दोन वर्षे गोपाळराव तेथे नव्हते. काय खायचे, काय नेसायचे, कोठे राहायचे, याचे निर्णय या मुलीने एकटीने घेतले, आणि आपल्या मते तिची खरी ओळख याच निर्णयांत होते.

उन्हाळा रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी गेला. त्यांना ती मावशी मानू लागली. शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात तिचा अभ्यासक्रम सुरू झाला. १८५० मध्ये स्थापन झालेली ही संस्था केवळ स्त्रियांना वैद्यक शिकविण्यासाठी होती. अधिष्ठाता रेचल बॉडले या स्वतः रसायनशास्त्राच्या अध्यापिका. त्यांनी तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली, त्यामुळे शिक्षणाच्या पैशांची विवंचना बरीच कमी झाली. खोलीचे मात्र काही जमेना. भिंतीतल्या शेकोटीचा धूर बाहेर न जाता आतच कोंडे. शेकोटी पेटवावी तर डोळे आणि छाती भरून येणार, न पेटवावी तर थंडीने काकडणार. अलिबाग-कल्याणच्या हवेत वाढलेल्या मुलीला फिलाडेल्फियाचा पहिला हिवाळा असा भेटला. पुढे बॉडलेबाईंनी तिला आपल्या घरी आणले.

अन्नाचा प्रश्न त्याहून अवघड होता. मांसाहार वर्ज्य, म्हणून स्वयंपाक आपल्या हाताने करायचा. आणि तोही दिवसभराची व्याख्याने, शवविच्छेदन, रुग्णालयातील हजेरी आणि रात्रीचे वाचन सांभाळून. श्रीरामपूरच्या सभेत दिलेला शब्द टाळ्यांच्या गजरात देणे सोपे होते. तो पाळावा लागला रोज संध्याकाळी, थकलेल्या अंगाने. नऊवारी लुगड्यात पाय उघडे पडत आणि थंडी सोसवत नसे, तेव्हा तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. परक्यांचा पोशाख न घेता थंडीपुरती काढलेली ही तोड आज आपल्याला किरकोळ वाटेल. त्या काळी मात्र एवढ्या बदलासाठीही तिला गोपाळरावांना पत्रातून कारणे द्यावी लागली. त्यांची पत्रे कधी उत्तेजन देत, कधी संशयाने जिव्हारी लागत. तिची उत्तरे नम्र असत, पण दबलेली नसत.

ती दिवसभर कुढत बसली असेल, असे मात्र कोणी समजू नये. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या एका छायाचित्रात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली अशा तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषात दिसतात. एकोणिसाव्या शतकातील त्या शहराने या तिघींना एका बाकावर आणून बसविले होते.

प्रकृती मात्र ढासळतच गेली. भारतात असतानाच ताप आणि डोकेदुखीने तिला ग्रासले होते. कार्पेंटरबाई अमेरिकेतून औषधे धाडीत. फिलाडेल्फियात त्यात आजारपणांची भर पडली आणि अखेर क्षयाने गाठले. आहार-वस्त्राच्या आग्रहाने तिचा बळी घेतला, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे मानावे लागेल. क्षयाचा जंतू कॉखने शोधला १८८२ साली, आणि त्यावरचे परिणामकारक औषध यायला पुढे साठ वर्षे लागली. मांस खाणाऱ्या आणि लोकर पांघरणाऱ्या असंख्य तरुण अमेरिकनांनाही त्या काळी हा रोग नेत होता. अपुरे अन्न आणि थंडी यांनी तिची शक्ती खालावली, हे मात्र नाकारता येत नाही.

प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी ती पदवीधर झाली. गोपाळराव तोवर अमेरिकेत पोचले होते; पंडिता रमाबाई इंग्लंडहून खास या समारंभाला आल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची जागा देऊ केली. त्या वर्षअखेरीस ती मायदेशी परतली, पण त्या जागेवर रुजू होण्याइतके बळ तिच्यात उरले नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिने देह ठेवला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

तिच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे धाडल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरल्या गेल्या. आनंदीबाई जोशींच्या नावाचा दगड आजही तेथे उभा आहे.