लेनार्ड यांची खिडकी

नवी मुंबईत खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रात निर्वात नळीतील इलेक्ट्रॉनचा झोत टायटॅनियमच्या पातळ पत्र्यातून बाहेर हवेत येतो. अशा खिडकीची वाट दाखविली फिलिप लेनार्ड यांनी. त्यांचा जन्म १८६२ साली प्रेसबुर्ग, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हा येथे झाला. कॅथोड किरण पातळ धातूतून आरपार जातात, हे त्यांचे गुरू हाइनरिश हर्ट्झ यांनी दाखविले होते. लेनार्ड यांनी नळीच्या इवल्याशा छिद्रावर ॲल्युमिनियमचा वर्ख बसविला. छिद्र लहान असल्याने वर्खाने हवेचा दाब पेलला. किरणांना मात्र अडविले नाही. १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढे हिटलरचे समर्थक बनून त्यांनी आइन्स्टाइन यांचे विज्ञान ज्यूंचे म्हणून धिक्कारले. गुरू हर्ट्झ यांचे पितृकुळही मूळचे ज्यूच होते. १९४७ मध्ये लेनार्ड निवर्तले. त्यांची खिडकी मात्र आजही वापरात आहे.