कुरूप नव्हे, आजारी!

मैत्रिणींनो, ‘जगातली सर्वांत कुरूप बाई’ हा किताब मिळवायला कुणी आपणहून जाईल का? मेरी अ‍ॅन बेव्हन गेली. चार लेकरांच्या पोटासाठी गेली.

मेरीचा जन्म १८७४ चा, पूर्व लंडनमधला. घरात आठ भावंडं. ती शिकून नर्स झाली, थॉमस बेव्हनशी लग्न झालं, मुलं झाली. पण तिशी ओलांडली आणि तिचं रूपच पालटू लागलं. नाक, जबडा, हात-पाय वाढत गेले, डोकं ठणकायचं. या आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगाली.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली की वाढीचं हार्मोन गरजेपेक्षा जास्त पाझरतं. लहानपणी असं झालं तर उंची भराभर वाढते. मोठेपणी उंची वाढायची थांबलेली असते, मग हाडं जाड होतात. कपाळ, हनुवटी पुढे येते, जीभही मोठी होते. सांधे दुखतात, पाळी बिघडते, मधुमेह नि रक्तदाब मागे लागतो. गाठीचा दाब पडला तर नजरही कमी होते.

१९१४ मध्ये थॉमस गेला. पदरी चार मुलं, कमाई नाही. कुरूपतेच्या स्पर्धेत मेरी उतरली आणि जिंकली. १९२० मध्ये ती अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या खेळात दाखल झाली. लोक तिकीट काढून तिला बघायचे, हसायचे. त्या पैशांवर तिची मुलं वाढली.

१९२७ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने तिची चेष्टा केली, तेव्हा हार्वे कुशिंग या नामवंत मेंदूशल्यविशारदाने संपादकांना पत्र धाडलं आणि ही बाई आजारी आहे, हे ठणकावून सांगितलं. कुशिंग स्वतः अशा गाठींची ऑपरेशनं करत. मेरी मात्र १९३३ मध्ये, ५९ व्या वर्षी गेली.

मला सगळ्यात बोचतं ते हे, की तिला हसणाऱ्यांपैकी कितीजणांना ती आजारी आहे हे कळलं असेल?

हा बदल इतका सावकाश होतो की रोज बघणाऱ्या घरच्यांनाही कळत नाही. म्हणून अंगठी बोटात जाईना, चपलेचा नंबर वाढत चालला, जुन्या फोटोतला चेहरा वेगळा वाटू लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. रक्ताची तपासणी आणि एमआरआय केला की निदान होतं. आता नाकावाटे ऑपरेशन करून गाठ काढता येते, इंजेक्शनंही आहेत. जितकं लवकर कळेल तितकं बरं.