श्रीमती रमाबाई रानडे आणि परिचारिकेचें व्रत

आमच्या चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयांत आजारी लेंकरूं घेऊन गेलेल्या मातापित्यांस परिचारिकेचा हात किती मोलाचा असतो हें सांगावयास नको. परंतु शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं आपल्या महाराष्ट्रांत कुलीन स्त्रीनें हें काम पत्करणें म्हणजे कुळास बट्टा लावणें असें समजत. हा समज ज्यांनीं मोडला, त्यांत श्रीमती रमाबाई रानडे यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालीं सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे गांवीं कुर्लेकर घराण्यांत झाला. १८७३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशीं झाला. हेच पुढें न्यायमूर्ति रानडे म्हणून प्रसिद्धीस आले. त्या वेळीं रमाबाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें. पतीनें त्यांस स्वतः शिकविलें. दिवसा घरांतील वडील स्त्रियांचे टोमणे आणि रात्रीं धडे, असा क्रम चालला. रमाबाईंनीं वडिलांस उलट उत्तर दिलें नाहीं, आणि अभ्यासहि सोडला नाहीं.

१९०१ सालीं न्यायमूर्ति निवर्तले. स्वतःच्या दुःखांत बुडून न राहतां रमाबाईंनीं इतर स्त्रियांचें दुःख आपलें मानलें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन सुरू झालें. पुढें १९११ च्या सुमारास तेथील स्त्रियांस ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण मिळूं लागलें. लोकांनीं आक्षेप घेतले: वाटेल त्या जातीच्या रोग्यास शिवावें लागेल, सोंवळें सुटेल, रात्रीं घराबाहेर राहावें लागेल. परंतु रमाबाईंचें वर्तन सर्वांस ठाऊक होतें. त्यांच्या छत्राखालीं लेकी-सुना पाठविण्यास पालक हळूहळू तयार झाले, आणि निराधार विधवांस मानाची भाकर मिळूं लागली.

ही विद्या सोपी नव्हे. त्यांतहि मुलांची शुश्रूषा फार नाजूक, कारण वयाप्रमाणें तिची रीत बदलते. तान्हें मूल बोलत नाहीं. त्याचा श्वास, दूध ओढण्याची शक्ति व रडण्याचा सूर हीच त्याची भाषा. मूल शांत असतां त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे ६० वा अधिक, त्यापुढें एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० वा अधिक भरले, तर तें धोक्याचें चिन्ह जाणून डॉक्टरांकडे न्यावें. छाती आंत ओढली जात असेल किंवा मूल दूध घेत नसेल, तर क्षणाचाहि विलंब करूं नये. दोन-तीन वर्षांचें मूल परक्यास भितें. त्यास आईच्या मांडीवरच तपासावें, आणि ज्यानें तें रडेल तें शेवटीं करावें. शाळकरी मुलास खरें सांगावें. सुई दुखणार नाहीं म्हणून फसविलें, तर त्याचा विश्वास पुनः मिळत नाहीं. त्याहून मोठीं मुलें लाजतात. त्यांचें म्हणणें एकांतांत ऐकावें.

१९२४ सालीं रमाबाईंनीं देह ठेविला. १९६२ सालीं, त्यांच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

पालकहो, आपली कन्या किंवा पुत्र परिचर्या शिकण्यासाठीं दूरच्या गांवीं जाऊं म्हणेल, तेव्हां लोक काय म्हणतील हा विचार आपल्याहि मनांत येईल. पुण्यांतील त्या पालकांच्या मनांतहि तो आला होता. त्यांनीं तो बाजूस सारला नसता, तर किती आजारी लेंकरांच्या उशाशीं कोणीच बसलें नसतें, याचा विचार आपण करावा, एवढीच आमची विनंति आहे.