बातम्यांतून आलेली स्मिता

आमच्या वर्ध्याला तेव्हा मुंबई दूरदर्शन दिसत नसे. त्यामुळे जीन्सवरच साडी गुंडाळून मराठी बातम्या वाचणारी स्मिता पाटील आम्ही नुसती ऐकून होतो. १९५५ साली पुण्यात जन्मलेली ही शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी. बातम्यांतल्या त्या सावळ्या चेहऱ्यावर श्याम बेनेगलांची नजर गेली आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’, ‘निशांत’ आले. पुढे ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ने तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले.

मला ती खरी भेटली ती १९८२च्या ‘उंबरठा’त. माझी बँकेतली नोकरी नवी, लग्नही नवे. पत्नीला आर्वीला शिक्षिकेची जागा मिळत होती. मी नको म्हटले होते. पडद्यावरची सुलभा महाजन मात्र घर सोडून स्त्रियांच्या सुधारगृहात कामाला गेली. परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. सोमवारी मीच पत्नीला आर्वीच्या एस.टी.त बसवून दिले.

१३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर अवघ्या १५ दिवसांनी, स्मिता गेली. वय ३१. त्या संध्याकाळी पत्नी शाळेतून आली आणि बराच वेळ पदराने चष्मा पुसत बसली.