भांडणाचे मूळ शोधणारे विनोबा



शेताच्या बांधावरून झालेले भांडण तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. सुरुवात वीतभर जमिनीवरून होते. मग बोलणे बंद, येणे-जाणे बंद, लग्नकार्याचे आमंत्रण बंद. शेवटी कोर्टकचेरी. माणसे म्हातारी होतात, पण भांडण काही म्हातारे होत नाही. वीतभर बांधाचे हे असे, तर जिथे एकाकडे शेकडो एकर आणि बाकीच्यांकडे पाय टेकण्यापुरतीही जमीन नाही, तिथे काय होत असेल? अशा ठिकाणी हातात काही न घेता पायी गेलेल्या माणसाची ही माहिती आहे. ते म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. आईचे नाव रुक्मिणीबाई. घरचा फणस पिकला की आई आधी शेजारीपाजारी गरे वाटायला लावी. मग उरलेले घरात. द्यायचे आधी आणि खायचे नंतर, ही शिकवण त्यांना आईकडून मिळाली.

पुढे शिक्षणासाठी ते बडोद्याला गेले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघाले, पण वाटेत सुरतेलाच उतरले आणि काशीला गेले! त्याच वर्षी ते अहमदाबादला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ साली ते वर्ध्याला आले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, तेव्हा पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनाच निवडले.

आता मुख्य गोष्ट ऐका. स्वातंत्र्य मिळाले, तरी तेलंगणात शांतता नव्हती. तिथे निजामाचे राज्य होते. पुष्कळशी जमीन थोड्या जमीनदारांच्या हाती होती. गरिबांना त्यांची वेठ करावी लागे, म्हणजे फुकट राबावे लागे. १९४६ च्या सुमारास शेतकऱ्यांनी कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली हत्यारे उचलली. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, पण झगडा थांबला नाही. रात्री बंडखोर येत, दिवसा पोलीस येत. दोघांच्या मध्ये गरीब माणूस भरडला जाई.

१९५१ साली विनोबा वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमातून हैदराबादेजवळच्या शिवरामपल्लीला पायी गेले. तिथे सर्वोदय संमेलन होते. संमेलन झाल्यावर ते परत फिरले नाहीत. आधी हैदराबादच्या तुरुंगात जाऊन त्यांनी कैदेतल्या कम्युनिस्टांची भेट घेतली. मग ते सरळ तेलंगणातल्या गावांकडे निघाले. सोबत पोलीस नको, बंदूक नको.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी पोचले. ते दलित वस्तीत गेले आणि लोकांना काय हवे ते विचारले. तिथल्या चाळीस कुटुंबांना स्वतःची जमीन नव्हती. त्यांनी जमीन मागितली, ऐंशी एकर. चाळीस बागायत आणि चाळीस जिरायत. एवढी मिळाली तर आम्ही कष्ट करून पोट भरू, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारकडे अर्ज करावा असे विनोबांना आधी वाटले. पण अर्जाला किती दिवस लागतील कोण जाणे! म्हणून त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले. तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे एक जमीनदार उभे राहिले आणि शंभर एकर देतो म्हणाले. मागितले ऐंशी, मिळाले शंभर!

त्या रात्री विनोबांना धड झोप लागली नाही. भांडणाचे मूळ त्यांना दिसले होते. वरून ते बंदुकीचे भांडण होते, पण मुळाशी भूक होती, जमीन नसणे होते. मूळ तसेच ठेवून नुसती हत्यारे काढून घेतली, तर भांडण पुन्हा उगवणारच.

इथून भूदान चळवळ सुरू झाली. विनोबा गावोगाव हिंडले. जमीनदाराला ते चोर म्हणत नसत. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते समजावत. त्यामुळे देणाऱ्याची मान खाली जात नसे आणि घेणाऱ्याला भीक मागितल्यासारखे वाटत नसे. सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालले. जवळजवळ बेचाळीस लाख एकर जमीन दान म्हणून जाहीर झाली. १९६० साली चंबळच्या खोऱ्यात वीसेक डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली.

पण सगळेच साधले असे नाही. पुष्कळ जमीन खडकाळ निघाली. काही जणांनी नुसता शब्द दिला, कागद केलाच नाही. बरीच जमीन गरिबांपर्यंत पोचलीच नाही. तरीही हजारो घरांना स्वतःचे शेत मिळाले, आणि तेही रक्त न सांडता.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे विनोबांनी देह ठेवला. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

मित्रांनो, आमच्या वर्गात पाण्याच्या माठाजवळ रोज ढकलाढकली व्हायची. पहिला धक्का कोणी दिला, यावरच आम्ही भांडत बसायचो. मग लक्षात आले की माठाजवळ पेला एकच आहे! दुसरा पेला आणला आणि ढकलाढकली थांबली. गावचे भांडण एवढे सोपे नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण चूक कोणाची हे विचारण्याआधी कमी काय पडले, एवढे तरी विचारू या. आई-वडिलांनो, घरी जाताना बांधापलीकडच्या शेजाऱ्याला एकदा हाक मारून पाहा.