पुस्तकांच्या पेट्या पाठविणारा राजा

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे खेडे आहे. तेथील एका शेतकरी घरात ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव गायकवाड यांचा जन्म झाला. बारा वर्षांचा होईपर्यंत या मुलाला अक्षरओळख जवळजवळ नव्हतीच. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि गोपाळचे सयाजीराव झाले. ज्या वयात इतर मुले चार इयत्ता शिकून मोकळी होतात, त्या वयात या राजाने मुळाक्षरांपासून आरंभ केला. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली ते मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी शिकले. उशिरा लागलेली ही वाचनाची गोडी जन्मभर टिकली.

१८८१ साली राज्यकारभार हाती आल्यावर आपल्याला मिळाले ते प्रजेला मिळावे असे त्यांना वाटू लागले. १८९३ साली अमरेली भागातील काही गावांत आणि १९०६ साली सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु एक अडचण उरलीच. मूल शाळा सोडून शेतावर जाई. घरात एकही पुस्तक नसे. मग शिकलेली अक्षरे पुसली जात.

यावर उपाय म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलाविले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि महाराजांनी राजवाड्यातील स्वतःचा मोठा ग्रंथसंग्रह त्याच्या स्वाधीन केला. स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळी सोय झाली. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी एक वाटा जमवावा, प्रांतपंचायतीने एक द्यावा व सरकारने एक, अशी रीत घालण्यात आली. ज्या गावी ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जाई. तिचे भाडे सरकार भरी. ती वाचून झाली की परत जाई व दुसरी येई. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी चित्रे व जादूचा कंदील नेत.

१९१३ साली याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर हे तरुण अमेरिकेस शिकावयास गेले. पुढे त्यांचा ग्रंथसंग्रह सर्व देशात नावाजला. मात्र १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास घर मिळेना व ते शहर सोडावे लागले. राजाने ग्रंथालयांची दारे उघडली, पण घरांची दारे उघडणे प्रजेच्याच हाती होते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव निवर्तले. वाचक पुस्तकाकडे येईल म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी पुस्तकच वाचकाकडे पाठविले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, आपल्या मंदिरातील पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असेल, तर किल्ली कोठे आहे ते आजच पाहा. चार पुस्तके पिशवीत घालून दूरच्या वस्तीवरील मुलांना नेऊन द्या. डोळ्यांनी अधू झालेल्या एखाद्या आजीला अर्धा तास वाचून दाखवा. त्यासाठी राजा असावे लागत नाही. पुस्तक परत येताना त्याचा कोपरा दुमडलेला दिसला, तर रागावू नका. ते कोणीतरी वाचले आहे.